दाजींनी लावलेल्या पाळ्या

कारखान्यातला पट्टा फिरतो आहे म्हणजे काम चाललं आहे, असं तुम्हांला कुणी सांगितलं? हे पत्रक हातात घेतलेल्या प्रत्येकाने आधी या प्रश्नाचं उत्तर स्वतःशी द्यावं. भट्टी पेटलेली आहे, इंजिन धडधडतं आहे, पट्टा जराही न थांबता काजूची बी आणून ओततो आहे, आणि पट्ट्याच्या टोकाला बसलेल्या बाईची टोपली भरून बी जमिनीवर सांडते आहे. याला काम चालणं म्हणायचं का?

दाजी, हा प्रश्न माझा नाही, तुमचा आहे. शेडच्या दारात, माझ्या हजेरीच्या वहीवर हात ठेवून तुम्ही तो मला विचारला होता. त्या दिवशी चूक माझी होती. आता तुमचं बारावं होऊन चार दिवस झाले आणि पट्टा पुन्हा घड्याळावर चालतो आहे. म्हणून तुमच्याशी बोलायला बसले आहे. इतरांनी हे वाचावं अशीही इच्छा आहे, कारण शेवटी मला त्यांच्याकडे काही मागायचं आहे.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी आपल्याकडे यंत्र आलं. त्याआधी बी उघड्या कढईत भाजायची आणि घमेल्यांनी शेडमध्ये न्यायची. धुराने माणसं दिवसभर खोकायची. यंत्राने ते सगळं संपवलं, हे मी मान्य करते. लोखंडी डब्यांची माळ गोदामातून बी उचलते, गरम तेलाच्या टाकीतून फिरवते आणि पट्ट्यावर टाकते. पट्टा ती फोडणाऱ्या बायांच्या रांगांपुढे आणून ओततो. मधे कुठे माणसाचा हात लागत नाही. यंत्र बसवायला आलेला फिटर मोठ्या अभिमानाने म्हणाला होता, "आता इथे विचार करायला माणूस नको." तुम्ही कच्च्या बियांच्या गोदामाचे मुकादम. तुम्ही त्याच्या हातात चहाचा कप दिलात आणि विचारलंत, "मगे बायेचो हात थकलो, तां ह्येका कसां कळतलां?"

फिटर हसला. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतो आहे.

मॅनेजरसाहेबांचा हिशेब सरळ होता. टाकीत मावेल तेवढी बी घालायची, पट्टा एका गतीने चालवायचा, पुढच्यांनी त्याच्याबरोबर धावायचं. पण बी काही लोखंडाची नसते. टाकीतून निघालेली बी गरम असतानाच फोडली तर टरफलातलं तेल बोटांवर उडतं आणि कातडी सोलून निघते. फार वेळ पडून राहिली तर टरफल चिवट होतं, घाव जास्त लागतात आणि आतला गर फुटतो. पुढे तो गर शेकायच्या खोलीत जातो. तिथून निघाल्यावर लगेच सोलला नाही तर हवेतला ओलावा घेतो, साल घट्ट बसते, आणि सालीच्या टेबलावरच्या बाया ती नखांनी खरवडत बसतात. तुकडा झाला की बोलणी बाईला. पट्ट्याला कुणी कधी बोल लावल्याचं मी ऐकलेलं नाही.

तुम्ही हे सगळं शेवटाकडून लावलंत. ही अक्कल कुठून आली, असं मी एकदा विचारलं तेव्हा तुम्ही धामापूरच्या तळ्याखालच्या मळ्यांची गोष्ट सांगितलीत. तुमच्या वाडीत वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भाताला पाणी सोडायची रीत अशी की तळ्याजवळच्या शेतकऱ्याने आधी पाणी घ्यायचं नाही. सगळ्यांत खालच्या मळ्याचा माणूस आपल्या बांधावर आंब्याच्या डहाळीचा टाळ खोवून ठेवणार. तो दिसला की त्याच्या वरच्याने आपला बांध फोडायचा. तोही आपली गरज अशीच त्याच्या वरच्याला दाखवणार. असं करत करत खूण तळ्यापाशी पोचली की पाणी सुटणार. "वर पाणी रगड आसा म्हणान सोडलां," तुम्ही म्हणालात, "तर तां मदीच खंयतरी फुटान जाता. वरच्याचां कुसता नि खालच्याचां सुकता."

तीच रीत तुम्ही कारखान्यात आणलीत, टाळाच्या जागी नारळाची करवंटी. सालीच्या टेबलावरची परात संपत आली की तिथल्या बाईने खुंटीला करवंटी अडकवायची. ती दिसल्यावरच शेकायच्या खोलीतून एक तबक बाहेर यायचं. खोलीत जागा झाली की खोलीच्या दाराला करवंटी, मग फोडलेला गर आत. फोडणाऱ्या रांगेची दुसरी टोपली रिकामी झाली की रांगेच्या खांबाला करवंटी. आणि खांबांकडे बघून तुम्ही पट्ट्यावरच्या माणसाला हात करायचात. करवंटी नसली की बी नाही. पट्टा उभा.

एवढ्याने भागत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. शेकायला लागतात तास, आणि करवंटी दिसल्यावर तास कुठून आणायचे? म्हणून उद्या सालीच्या टेबलांना कधी काय लागेल, याचा अंदाज तुम्ही आदल्या दिवशीच बांधायचात आणि गोदामातला कुठला ढीग आधी उचलायचा ते ठरवायचात. कातळावरची बी बारीक आणि कोरडी. खारेपाटणकडची टपोरी, पण अंगात ओल धरणारी. मूठभर बी कानाजवळ खुळखुळवायची आणि म्हणायचं, "ही सकाळी. ही जेवणानंतर." ते कसं कळायचं, हे आम्हांपैकी कुणी विचारलं नाही. माणूस रोज समोर असला की त्याला विचारायचं राहूनच जातं.

तुकडे कमी झाले म्हणून साहेबांनी तुमची रीत चालू दिली. लेखी काही दिलं नाही.

आता माझं जुनं पत्रक. तुम्ही त्याबद्दल बाहेर कुणाला सांगितलं नाहीत, म्हणून मीच सांगते. माझे वडील मुंबईला गिरणीत. गावी येताना ते खाऊ संपाच्या पत्रकांत गुंडाळून आणायचे. खाऊ धाकट्यांना, कागद मला. शाळेच्या पुस्तकांआधी मी ती पत्रकं वाचली, आणि घड्याळ हातात धरून कामगाराच्या मागे उभा राहणारा माणूस कुणाचा असतो, हे माझं लहानपणापासून पाठ होतं. एक दिवस हजेरी लिहिता लिहिता मान वर केली तर पहिल्या रांगेत, शेवंतीमावशीच्या पाठीमागे, तुम्ही घड्याळ घेऊन उभे. घड्याळाकडे बघत होतात, तिच्या टोपलीकडे बघत होतात, पुन्हा घड्याळाकडे.

मला तेवढं पुरलं. तिसऱ्या दिवशी मालवणच्या छापखान्यातून पत्रक आलं. त्यात मी तुम्हांला साहेबाचं घड्याळ म्हटलं होतं. आणि शेवटी जाड अक्षरांत होतं, 'बायांनो, आपल्या हाताने आपलं ओझं मागू नका. खांबाला करवंटी लावू नका.'

बायांनी माझं ऐकलं. दुसऱ्या सकाळी एकाही खांबाला करवंटी नव्हती. मला वाटलं, आपण जिंकलो. साहेब शेडमध्ये आले, रिकाम्या खांबांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "ठीक आहे. ज्यांना मागायचं नाही, त्यांना न मागता देऊ." तुम्हांला गोदामात पाठवलं आणि पट्टा घड्याळावर लावला.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवंतीमावशीचा हात भाजला. टोपली भरून वाहत होती, मागची बी पुढच्या बीवर पडत होती, आणि तिने निवलेली समजून गरम बी उचलली. पूर्ण तळवा गेला. तुम्ही गोदामातून धावत आलात, पट्ट्याचा दांडा कुणाला न विचारता ओढलात आणि तिच्याजवळ बसून तिच्या हाताला खोबरेल लावलंत.

"दाजीनू, ह्या हातान आता भाकरी थापू कशी?" ती म्हणाली.

"घोवाक थापूक सांग."

"तेका तवो खंय आसता तोच म्हायत नाय."

रांगेतल्या बाया हसल्या, तीही हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी दारात हजेरीची वही घेऊन उभी होते. माझ्या हाताला शाईखेरीज काही लागलं नव्हतं.

मग तुम्ही माझ्याकडे आलात. मी तयारीत होते. तुम्ही ओरडणार, मग मी साहेबांचं नाव घेणार, मग बोलाचाली होणार. तुम्ही वहीवर हात ठेवलात आणि शांतपणे म्हणालात, "काय गो पत्रकाबाय, पट्टो फिरता म्हणजे काम चलता?" तुम्हीच पुढे बोललात, "मिया घड्याळ बायेक लावूक नाय गो. बियेक लावलां. पट्ट्यावरसून पडल्यार किती येळान ती हातात धरूक गावता, तां बघी होतंय."

बाईच्या मागे घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस बाईचा वेळ मोजत नसून बी निवायचा वेळ मोजतो आहे, ही शक्यता माझ्या कुठल्याच पत्रकात छापलेली नव्हती. तुम्हांला विचारायला दारापासून पहिल्या रांगेपर्यंत यावं लागलं असतं. तेवढी पावलं मी टाकली नाहीत.

त्या आठवड्यात मी चुकीची कबुली देणारं दुसरं पत्रक काढलं. तुम्ही ते हातात धरून लांब केलंत, जवळ केलंत.

"पयल्याची अक्षरां मोठी होती," तुम्ही म्हणालात.

"कागद कमी होता, दाजी."

"शिव्यो घालताना बरो पुरलो."

मी ते पुन्हा छापून घेतलं, पहिल्याएवढ्याच अक्षरांत. तोवर साहेबांनाही फुटलेल्या गराचे ढीग दिसले होते. करवंट्या खांबांवर परत आल्या आणि तुम्ही पट्ट्यापाशी. शेवंतीमावशीला बोटं पुरती मिटता येईपर्यंत दोन महिने गेले. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि ते मला अजून जड जातं.

आपलं खरं भांडण त्यानंतरचं, दाजी, आणि ते अर्धवट राहिलं.

मी म्हणत होते, ही रीत लिहून काढा. कुठल्या बीला निवायला किती वेळ, कुठल्या रांगेला किती टोपल्या, कुठला ढीग कधी. सगळं कागदावर घ्या, साहेबांची सही घ्या. सही नसली तर ती मेहरबानी. आज आहे, उद्या नाही. तुम्ही दर वेळी मान हलवायचात. "लिवन ठेवलां की तां सायबाचां जातां. आज मी हात करतंय, म्हणान तेका ठावक नाय किती येळ होयो. ठावक झालां तर तो अर्दो करतलो."

हे खोटं नव्हतं. कागदावरचा आकडा कापायला एक रेघ पुरते. पण मी विचारलं होतं, "आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

"तेवा तू आसतलंस."

"मला त्यातलं काय कळतं? मी दारात बसून हजेरी लिहिते."

"मगे दार सोड आनि आत ये."

मी आत आले नाही. सभा होत्या, छापखाना होता, कणकवलीला कुणीतरी भाषणाला बोलावलं होतं. आठवड्यातून एक दिवस जरी तुमच्यामागे गोदामात फिरले असते तरी आज हे लिहायची वेळ आली नसती. कामगारांवर लिहिणारी मी, कामगारांचं काम मात्र शेडच्या दारातून बघत राहिले.

तुमचीही चूक झाली. गेलेल्या माणसाची चूक काढू नये म्हणतात. पण माझी चूक तुम्ही मोठ्या अक्षरांत छापून घ्यायला लावलीत, तेव्हा तुमचीही लिहिते. एवढी चांगली रीत तुम्ही एका हाताच्या इशाऱ्यावर टांगून ठेवलीत. साहेबापासून ती लपवलीत, ते बरोबर. आमच्यापासूनही लपून राहिली, ते बरोबर नाही. बायांना तुमच्यामुळे उसंत मिळाली. ती त्यांना झाडाच्या सावलीसारखी मिळाली. झाड पडलं, सावली गेली. हक्क असा पडत नाही.

तुम्ही ऐकत असतात तर म्हणाला असतात, "आता ह्यां पत्रकात घाल." घालते आहे.

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी साहेब शेडमध्ये आले. ते वाईट माणूस नाहीत असं तुम्ही म्हणायचात. मी तसं म्हणणार नाही, पण झालं ते जसंच्या तसं लिहिते. त्यांनी विचारलं, "दाजी पाळ्या कशा लावायचे, कुणाला माहीत आहे?" शेडमध्ये जवळजवळ सगळा कारखाना होता. प्रत्येकीला आपल्या खांबापुरतं माहीत होतं. शेकायच्या खोलीवरच्या माणसाला खोलीपुरतं. पट्ट्यावरच्या माणसाला एवढंच की दाजींनी हात केला की चालू, हात खाली की बंद. आणि मला, जिने दोन पत्रकं तुमच्यावर काढली होती, त्यांच्याहूनही कमी. "मग मला घड्याळ लावावंच लागेल," साहेब म्हणाले. जाताना मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, "दाजींचं बारावं उरकलं की पुढच्या सोमवारी सगळी रीत लेखी आणून दे. नीट असली तर बघतो. नाही तर पट्टा आहे तसा चालेल."

तेव्हापासून दोघींचे हात भाजले आहेत. थोडेच, पण भाजले आहेत.

या आठवड्यात मी पहिल्यांदा दार सोडून आत बसले. शेवंतीमावशीच्या शेजारी पाट टाकला. तिने मला बी फोडायला दिली. माझ्या पहिल्या सहाही बियांचा गर फुटला तेव्हा ती रांगेला ऐकू जाईल अशी म्हणाली, "हिच्या पत्रकासारखीच गो हिची बी. आवाज मोठो, गर खंय?" मग तिने शिकवलं. बी हाताच्या पाठीला लावून बघायची, चटका बसला नाही आणि ऊब लागली, की तीच वेळ. पहिल्या रांगेला दोन टोपल्यांच्या मधे दाजी केवढी उसंत द्यायचे, ते तिने मला बोलून नाही, फोडून दाखवलं. मी घड्याळ लावून ते टिपलं. घड्याळ हातात घेतल्यावर माझ्या मागे कुणीतरी दारातून बघतंय का, हे मी वळून पाहिलं.

दाजी, तुमच्या भीतीचं उत्तर मला त्या पाटावर सुचलं. कागद साहेबाचा होतो तो एकच प्रत असली आणि ती त्याच्या खणात असली तर. मी तीन करणार आहे. एक ऑफिसात. एक शेडमध्ये, बायांच्या ताब्यात. आणि एक छापून गावोगाव, मालवणपासून तळेऱ्याच्या तिठ्यापर्यंत. वरती लिहिणार, की हा वेळ बी फोडणाऱ्या आणि गर सोलणाऱ्या बायांनी ठरवला आहे, तो त्यांना विचारल्याशिवाय कमी करायचा नाही. खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे. मग कुणी तो आकडा अर्धा केला तर ते अख्ख्या मुलखाला वाचता येईल. तुम्हांला हे पटलं असतं का, मला ठाऊक नाही. तुम्ही नको म्हटलेलं मी करते आहे, हे समजूनच करते आहे. तुमच्याकडून शिकायचं होतं ते शिकले नाही, त्याची ही माझ्याकडून होण्यासारखी भरपाई.

एक गोष्ट तुमच्यासमोर कधी बोलले नाही. साहेबाचं घड्याळ म्हटल्यावरही तुम्ही रोज सकाळी हजेरीला माझ्यासमोर उभे राहून स्वतःचं नाव सांगत होतात, मला ते ठाऊक नसल्यासारखं. मी लिहायची. त्या दिवसांत एकदाही मी मान वर केली नाही. आता नाव खोडायची वेळ आली तेव्हा मात्र बराच वेळ बघत बसले.

आता वाचणाऱ्यांसाठी. या रविवारी सकाळी शाळेच्या पडवीत या. कारखान्यात आज असलेल्यांनी यावं, काम सोडून गेलेल्यांनीही यावं. आपल्या खांबाला, आपल्या टेबलाला, आपल्या खोलीला दाजी किती वेळ द्यायचे आणि कुठल्या बीला वेगळा द्यायचे, ते जसं आठवेल तसं सांगा. चुकलं तर शेजारची सुधारील. लिहिता येत नसलं तरी चालेल, लिहायला मी आहे. पहिल्या तीन रांगा कागदावर आल्या आहेत. शेकायची खोली अर्धी झाली आहे. पाऊस तोंडावर आहे, आणि दमट हवेत सालीच्या टेबलांना दाजी किती तबकं एका वेळी सोडायचे, हा रकाना कोरा आहे. तुमच्यापैकी जिला ते ठाऊक आहे, तिने सगळ्यांच्या आधी यावं.